चरे पडलेल्या तीन नळ्या

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. बागूल साहेब सांगतात तेव्हा त्यात एक उंट घालतात. उंट नव्हता हो. बाकी सगळं खरं आहे. चहा उकळेपर्यंत सांगून होईल, फक्त मी हळू बोलतो तेवढं सांभाळून घ्या.

मी कुवेतला गेलो तो पंपाचा माणूस म्हणून. शाळा दुसरीतच सुटली, पण इंजिन असो की पंप, हात लावला की त्याचं दुखणं मला कळायचं. तिकडे पार दक्षिणेला वफ्रा म्हणून शेतमळ्यांचा भाग आहे. तिथे अबू सालेम नावाच्या म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांचा मळा होता. खजुराची झाडं, टोमॅटो-काकडीच्या प्लास्टिकच्या शेडी आणि तीन पंप. माझा व्हिसा त्यांच्याच नावावर. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापाराला मुंबईस येत, त्यामुळे बाबांना मोडकंतोडकं हिंदी येई. माझंही तसलंच. दोन लंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालावं तसं आमचं बोलणं चाले.

बाबांच्या वडिलांची एक जुनी लष्करी रायफल होती. कुवेत शहराजवळ सलव्याला बाबांचं घर, तिथल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, ती भिंतीवर टांगलेली असे. इराकी सैन्य शिरलं तेव्हा बाबांनी ती गोणपाटात गुंडाळून मळ्यात खजुराखाली पुरली. सगळं निवळल्यावर उकरली, तर लाकूड वाचलेलं, खटका वाचलेला, पण नळी खाऱ्या जमिनीने खाऊन टाकलेली. बाबा कधी कधी तिच्यावरून हात फिरवत बसायचे. आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

चार-पाच वर्षांनी त्यांनी सरकारी परवानगी मिळवली आणि परदेशातल्या जुन्या हत्यारांच्या एका व्यापाऱ्याने त्याच जातीच्या, त्याच काळातल्या चार नळ्या लाकडी खोक्यातून पाठवल्या. चारांतली एक निवडायची. बाबांनी मला वफ्र्याहून सलव्याला बोलावून घेतलं.

"नाना, तू लोहा समझता है. तू चुन."

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? बाबा, बंदूक मी जन्मात हातात धरलेली नाही, असं म्हणायला हवं होतं. साधं वाक्य. पण चारचौघांत, गालिच्यावर बसवून, वेलची घातलेल्या अरबी कॉफीचा पेला हातात देऊन कोणी तुम्हाला लोखंडातला जाणकार म्हणालं की ते वाक्य घशातून वर येतच नाही.

बागूल साहेब तिथेच होते. हे नाशिकचे इंजिनियर, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामाला. दर शुक्रवारी मळ्यावर भाजी घ्यायला यायचे, माझी घरची पत्रंही तेच वाचून दाखवायचे. व्यापाऱ्याची इंग्रजी यादी वाचायला बाबांनी त्यांना बोलावलं होतं. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नाना, बंदुकीतलं काय कळतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, पंपाची काय, बंदुकीची काय, नळी ती नळी."

मग मी कामाला लागलो. घाई नाही. प्रत्येक नळी काचेच्या टेबलावर लोळवून पाहिली, वाकडी आहे का. नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. दोरीने लांबी मोजली. शेवटी खिडकीकडे धरून एक डोळा मिटून आत पाहिलं.

पहिल्या नळीत आतून चरे. एक-दोन नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळा मारत गेलेले. दुसरीत तेच. तिसरीतही तेच. आमच्या पंपाच्या धंद्यात सिलिंडरला आतून चरा दिसला की तो बाद. त्यावर चर्चा होत नाही. मला त्या व्यापाऱ्याचा राग आला. म्हटलं, भल्या माणसाला फसवलं. मग चौथी पाहिली. आतून आरशासारखी गुळगुळीत, चराच काय, केसाएवढी रेघ नाही.

मी ती दोन्ही हातांनी बाबांच्या पुढ्यात ठेवली. "बाबा, ये एक अच्छा. तीन खराब. अंदर सब घिसा हुआ."

बाबांनी माझ्या कपाळावर ओठ टेकवले. बैठकीतले सगळे माना डोलावू लागले. मीही, देवाशपथ, डोलावली.

घरात नातवंडं, म्हणून बाकीच्या तीन नळ्यांचं खोकं बाबांनी माझ्याबरोबर मळ्यावर पाठवलं. पंपाच्या खोलीत ठेव, म्हणाले. मी ठेवलं. यात माझी चूक नाही.

चूक पुढच्या आठवड्यात झाली. वाऱ्याने एका शेडीचं टोक उचकटलं आणि आतली टोमॅटोची एक रांग आडवी झाली. आधाराच्या काठ्या मोडल्या. झाडं फळांनी लगडलेली, अशी जमिनीवर पडली की दोन दिवसांत कुजणार. काठ्या कुठून आणू? आणि खोलीत तीन सरळसोट, मजबूत, बाद झालेल्या नळ्या नुसत्या लोळताहेत. तुम्ही काय केलं असतं?

दोन दिवसांत काढतो म्हणून लावल्या. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले.

मग एका सकाळी बाबांचा ड्रायव्हर मला सलव्याला घेऊन गेला. दिवाणियात परवाना खात्याचे एक अधिकारी बसले होते. निवृत्तीला आलेले, बारीक, कडक गणवेशातले. बागूल साहेबही होते, त्यांना कामापुरतं अरबी येई. निवडलेली नळी कागदावर चढवायची, मगच परवानेवाला कारागीर ती रायफलीला बसवणार, असा नियम.

अधिकाऱ्यांनी माझी नळी उचलली, खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं. मग नळी खाली ठेवून बाबांना काहीतरी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अधिकारी काय बोलले ते बाबांनी मला हिंदीतून समजावलं, सावकाश, एकेक शब्द. ते चरे म्हणजे बिघाड नव्हेच. कारखान्यात ते मुद्दाम पाडतात. गोळी त्यातून फिरत जाते म्हणून सरळ जाते. माझ्या नळीतून आयुष्यभर इतक्या गोळ्या गेल्या होत्या की चरे पार झिजून गेले होते. चारांतली मेलेली नळी ती एकच, आणि नेमकी तीच मी दोन्ही हातांनी उचलून दिली होती.

मला वाटलं, गालिच्याने मला पोटात घ्यावं. पण खरी गोष्ट तर पुढेच होती.

अधिकाऱ्यांनी कागद उलगडला आणि त्यावर बोट ठेवलं. बागूल साहेब तो पाहून म्हणाले, "नाना, चार नळ्या बाबांच्या सहीवर देशात आल्यात. एक ठेवायची, बाकीच्या तीन नंबर ताडून, सील करून परत पाठवायच्या. एक जरी कमी भरली तर बाबांवर हत्यार लपवल्याचा गुन्हा. बाकीच्या बघायला आपण आत्ता मळ्यावर जातोय."

सलवा ते वफ्रा, गाडीने तासभर. पुढे अधिकारी आणि बाबा, मागे मी आणि साहेब. बाहेर नुसती वाळू. बाबा तसबीहची जपमाळ ओढत होते, तेवढा मण्यांचा आवाज. अर्ध्या वाटेवर साहेबांनी माझा चेहरा पाहिला.

हळूच म्हणाले, "नाना, खोकं जागेवर आहे ना?"

"खोकं आहे."

"आणि नळ्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "नळ्या टोमॅटोत आहेत."

साहेब इंजिनियर माणूस. त्यांनी डोळे मिटले आणि मळा येईपर्यंत उघडले नाहीत.

पंपाच्या खोलीत अधिकाऱ्यांनी खोक्याचं झाकण काढलं. आत गोणपाट आणि एक पाल. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. ज्या माणसाने बापाची आठवण सैन्यापासून लपवून वाचवली, तो माझ्यापायी चोर ठरत होता. मी पुढे झालो, बाबांचा हात धरला आणि सगळ्यांना शेडीत घेऊन गेलो.

रांगेत तीन नळ्या ताठ उभ्या. माझ्या जुन्या लुंगीच्या चिंध्यांनी वेल बांधलेले. एकेका नळीला लालभडक टोमॅटोचे घोस.

अधिकाऱ्यांनी खाली बसून पहिली गाठ सोडली. नळी उपटली. मी खालच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला होता, आणि आतून-बाहेरून ग्रीस थापलं होतं. बाद असलं म्हणून काय झालं, लोखंड उघडं मातीत घालायचं नाही, हात वळतच नाही. त्यांनी ट्यूब काढली, बोळा काढला, ग्रीस पुसलं. नंबर पाहिला. कागद पाहिला. आत पाहिलं. मग दुसरी. मग तिसरी. मी श्वास मोजत होतो.

शेवटी ते उठले, एक टोमॅटो तोडला, रुमालाला पुसला आणि खाल्ला. खाता खाता बाबांना दोन वाक्यं म्हणाले. बाबांना आधी खोकला आल्यासारखं झालं, आणि मग शेडीच्या खांबाला टेकून ते इतके हसले की डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ खाली पडला.

मी साहेबांना विचारलं, काय म्हणाले? ते म्हणाले, "नळ्या उत्तम जपल्यात म्हणाले. तिन्ही. फक्त त्या माणसाला निवडायला सांगू नका."

मधली नळी अधिकाऱ्यांनी स्वतः निवडली. तीच बसली, आणि रायफल पुन्हा भिंतीवर चढली. माझी गुळगुळीत नळी सील होऊन परत गेली.

मला वाटलं, आता बाबा पुन्हा कधी मला विचारायचे नाहीत. पण त्यानंतर मी तिथे अकरा वर्षं काढली, आणि घरात काहीही घ्यायचं झालं, कलिंगड असो, बकरा असो, नवा पंप असो, बाबा आधी मलाच बोलावत. "नाना, कौन सा अच्छा?" मी नीट पारखून, टिचकी मारून, आत डोकावून एकावर बोट ठेवायचो.

बाबा तेवढं बाजूला सारून बाकीच्यांतलं उचलायचे. अकरा वर्षांत एकदाही फसले नाहीत.