बिनसाबणाच्या नळ्या

सोजरबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. दिघीत त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती. उन्हाळ्यात तिचा तळ दिसायचा आणि पाचनंतर येणाऱ्याला गाळच मिळायचा. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा पाच खेपा. मग भाकरी, मग भोसरीपर्यंत पायी, तिथून बस. सातच्या आत त्या पिंपरीत कंपनीच्या फाटकावर असायच्या. सोळा वर्षांत त्यांना उशीर झालेला मी पाहिला नाही.

कंपनी औषधांची होती. आता ती नाही, जागेवर इमारती उभ्या आहेत. मी तिथे फिटर होतो. वाफेच्या आणि पाण्याच्या लाइनींचे सगळे सांधे माझ्या हातचे. सोजरबाई १९६५ साली रोजंदारीवर बाटल्या धुवायला आल्या. कायम करावे लागू नये म्हणून दर काही महिन्यांनी त्यांना पंधरा दिवस घरी बसवायचे आणि परत घ्यायचे. तेवढे दिवस त्या माळावर गवत कापायला जायच्या.

त्यांची धुण्याची रीत बघण्यासारखी होती. आतून ब्रश तीनदा, उलटा तीनदा, मग पाणी. धुतलेली काच उजेडाला धरायची. पाणी काचेवर सलग पसरले तर स्वच्छ. थेंब फुटले तर परत घासायचे. दुसऱ्या बायका शंभर बाटल्या करायच्या तेवढ्या वेळात यांच्या ऐंशी व्हायच्या, पण परत एकही यायची नाही. मला असे काम कळते. घाई कुणालाही जमते.

१९७९ साली वरच्या मजल्यावर नवी लॅब झाली. मुंबईहून शालनबाई आल्या. आम्ही त्यांना डॉक्टरबाई म्हणायचो. त्यांचे काम असे: एका जंतूच्या पेशीत बाहेरचा जनुक घालायचा. आधी पेशी काचेच्या नळीत, क्षाराच्या पाण्यात घालून बर्फात ठेवायच्या. त्यात जनुकाचा तुकडा सोडायचा. मग नळी बेचाळीस अंशांच्या पाण्यात दीड मिनिट धरायची आणि पुन्हा बर्फात रोवायची. त्या धक्क्याने पेशीचे कवच जरा सैल होते आणि तुकडा आत शिरतो. नंतर पेशी जंतू मारणारे औषध मिसळलेल्या थाळीवर पसरायच्या. जनुक आत गेला असेल ती पेशी औषधाला पुरून उरते, वाढते, आणि सकाळी थाळीवर पांढरा ठिपका दिसतो. बाकीच्या मरतात. डॉक्टरबाईंनी हे मला पाण्याचे भांडे बसवताना समजावले होते. अंश चुकायला नको, म्हणून समजावले.

बर्फ फोडायचा आवाज, गरम पाण्याची गुरगुर आणि डॉक्टरबाईंच्या हातातले घड्याळ. अजून कुठे बर्फ फोडताना ऐकला की ती खोली आठवते.

पहिली दीड-दोन वर्षे बरी गेली. १९८१च्या पावसाळ्यात थाळ्यांवर ठिपके यायचे बंद झाले. साध्या थाळीवर पेशी वाढायच्या, औषधाच्या थाळीवर एकही नाही. म्हणजे जनुक आत जातच नव्हता. पहिला संशय माझ्या पाण्यावर आला. मी तीन थर्मामीटर लावून दिवसभर उभा राहिलो, दर दहा मिनिटांनी अंश लिहिले. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता. कागद डॉक्टरबाईंना दिला आणि मोकळा झालो.

मग संशय धुलाईवर गेला. लॅबच्या नळ्या सोजरबाई धुवायच्या.

वेळ वाईट होती. कायम करायच्या नावांची यादी त्या शनिवारी वर जाणार होती. सोळा वर्षांत पहिल्यांदा बाईंचे नाव त्यात होते. नावापुढे डॉक्टरबाईंचा शेरा लागणार होता. धुलाईचे सुपरवायझर अण्णासाहेब यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकले, की ‘धुलाई असमाधानकारक’ असा शेरा पेन्सिलीने लिहिलेला आहे, शनिवारी शाईने होईल.

त्या दिवशी बस स्टॉपवर बाई मला म्हणाल्या, “धोंडीबादादा, तुमचं पाणी खरं ठरलं. मंग खोटी मीच.”

बस आली आणि त्या चढल्या.

बाईंनी मेहनत दुप्पट केली. त्या पावसाळ्यात स्टोअरमधून नवी, जोरकस पावडर आली होती. ती त्या मूठभर जास्त घालू लागल्या. प्रत्येक नळी दोनदा, मग तीनदा. बोटांना भेगा पडल्या. नळ्या अशा चकाकायच्या की पाणी एका पडद्यासारखे उतरायचे. त्या परीक्षेत तेलकटपणा पकडला जातो, साबण नाही. हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही. बुधवारी थाळ्या पुन्हा कोऱ्या निघाल्या.

गुरुवारी सकाळी मी लॅबमध्ये बर्फाच्या मशीनखाली आडवा होतो. सोजरबाई चपला बाहेर काढून आत आल्या. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

“बाई, एक इचारू? ह्या नळ्यांत तुमी घालता तरी काय?”

“पेशी,” डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या.

“म्हंजे औषध?”

“नाही. जिवंत असतात. विरजणात जंतू असतात ना, तसेच. फक्त फार नाजूक केलेले.”

“जित्तं हाय हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मला वाटलं औषधच भरता. बाई, दह्याच्या भांड्याला मी कधी साबण लावत न्हाई. नुसतं कढत पाणी. साबणाचा वास जरी ऱ्हायला, तरी दही लागत न्हाई.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले.

त्यांनी नव्या खोक्यातल्या चोवीस नळ्या दिल्या. बाईंनी बारा पावडरीने धुतल्या, नेहमीसारख्या. बारांना साबण लावलाच नाही. दोनदा उकळल्या, दहा वेळा खळबळल्या, शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढल्या. दुपारी डॉक्टरबाईंनी दोन्ही बाजूंवर तोच प्रयोग केला.

शुक्रवारी मी साडेसहालाच आलो. बाई माझ्या आधी जिन्यात बसलेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी थाळ्या उजेडाला धरल्या. साबणाच्या नळ्यांच्या थाळ्या कोऱ्या. बिनसाबणाच्या पहिल्या थाळीवर ठिपके. डॉक्टरबाईंनी त्रेसष्ट मोजले.

“चौसष्ट,” बाई म्हणाल्या. “कडेला एक बारका हाय.”

डॉक्टरबाईंनी परत मोजले. चौसष्टच होते.

मग त्यांनी यादी काढली, पेन्सिलीचा शेरा खोडला आणि आमच्या देखत शाईने नवा लिहिला. बाईंना वाचून दाखवला: ‘धुलाई उत्कृष्ट. कायम करावे.’ म्हणाल्या, “चूक माझी आहे. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.” पुढे असेही म्हणाल्या, की आज जंतूत घालतो तसा कधीतरी आजारी माणसाच्या पेशीतही चांगला जनुक घालता येईल, आणि औषधाने न हटणारे रोग हटतील.

“व्हईल की,” बाई म्हणाल्या. “तवाबी नळ्या धुवायला कुणीतरी लागंलच.”

ऑक्टोबरात त्या कायम झाल्या. पुढल्या वर्षी दिघीत पाण्याची लाइन आली, पण रस्त्यापर्यंतच. रस्त्यापासून वस्तीतल्या त्यांच्या दारापर्यंत एकशे ऐंशी फूट. इतका पाइप ज्याचा त्याने घ्यायचा होता. बाईंनी घेतला. रविवारी मी चर खणला, सांधे बसवले. मजुरी घेणार नाही म्हणालो तर त्या म्हणाल्या, मग पाइपला हात लावू नका. घेतली.

नळ सोडला. आधी तांबूस आले, मग नितळ. बाईंनी तांब्या धुतला, भरला. पाणी काचेच्या पेल्यात ओतून उजेडाला धरले आणि मग प्यायल्या. सोळा वर्षांच्या रोजंदारीने आणि एका वर्षाच्या कायम पगाराने शेवटी हे आणले: दारात अर्ध्या इंचाचा एक नळ.