वन्संची खुर्ची

एका उशीला अभ्रा चढवून झाला होता, दुसरा हातात होता, तेवढ्यात मोठ्या वन्सं आल्या आणि बिनअभ्र्याची उशी काखोटीला मारून निघाल्यासुद्धा.

"अहो वन्सं, ती यांची उशी आहे!"

"त्याला म्हणावं, हाताची उशी कर. माझी खुर्ची टेबलाला बुटकी पडतेय."

मोठ्या वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, राहतात शेजारच्याच घरात. साठी उलटली तरी कुलपांच्या कारखान्यात जातात. प्रत्येक कुलपात किल्ली फिरवून बघायची, अडखळलं तर कुलूप बाजूला काढायचं. सगळं उभ्याने. यंदा गुडघे कुरकुरायला लागले, तर साहेब म्हणाले, "मावशी, उभं राहवत नसेल तर आता घरी आराम करा."

आराम! यजमान गेल्यापासून त्यांना रिकामं घर खायला उठतं.

"साहेब, मी काही गुडघ्यांनी कुलपं तपासत नाही," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरची खुर्ची उचलून कामावर हजर.

"बसलं की झोप येते, मावशी."

"तुमच्या ठोकाठोकीत कुंभकर्णाचाही डोळा लागायचा नाही!"

शेवटी आठवड्याच्या बोलीवर मिटलं. काम ढिलं पडलं, तर खुर्ची आणि मावशी दोन्ही घरी. आज शेवटचा दिवस. मी देवाला रोज विनवत होते, बाबा रे, गुडघे घेतलेस तर घे, पण त्यांचं काम राहू दे.

संध्याकाळी वन्सं हात हलवत आल्या. ना खुर्ची, ना उशी.

"खुर्ची कुठाय?"

"शेजारच्या टेबलावरची बाई बसलीय तिच्यावर. उठेल तर शपथ!"

मग सगळं सांगितलं. दुपार कलली की उभ्या माणसाचे पाय भरून येतात. किल्ली निम्मीच फिरली तरी 'चालतंय' म्हणून कुलूप पुढे सरकतं. साहेबांनी सगळ्या टेबलांवरची कुलपं स्वतः फिरवून पाहिली. वन्संच्या हातून तसं एकही सुटलं नव्हतं. आता सगळ्यांनाच उंच स्टुलं मिळणार.

"आणि तुमचं काय?"

"माझं काय व्हायचंय? साहेब म्हणाले, मावशी, आणखी कुठे कुठे दुखतं तेही सांगून ठेवा, कारखान्याच्या कामी येईल."

मी हसत हसतच देवाला हात जोडले. आतून यांचा आवाज आला, "माझी उशी कुणी नेली?"

उद्या कामावर जाण्याआधी वन्संना सुताराकडे जायचंय, टेबलाच्या उंचीचं माप द्यायला.