बाजारातली दुसरी कासारीण

बरीच वर्षं आमच्या गावाचा आठवडी बाजार बंद पडला होता. रस्ता मोठा झाला, जिपा वाढल्या, अन् लोक दोन मिरच्या घ्यायला कनेरगाव नाक्याला पळू लागले. बाजाराच्या जागेवर वेडी बाभूळ माजली. मी कासारीण. आख्खी उमर गावोगावचे बाजार करून बायांच्या हातात बांगड्या भरल्या. पण गुडघे गेले, अन् पेटी घेऊन जिपात चढणं होईना. बाजार गावात आला तर माझा धंदा राहणार, न्हाई तर पुण्याला पोराच्या फ्लॅटात टीव्हीसमोर बसायचं. मला ते मरणासारखं वाटत होतं, सरळ सांगते.

म्हणून ग्रामसभेत मीच तोंड उघडलं. मी फाटक्या तोंडाची, सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणलं, "गाव जगवायचंय म्हणता, अन् कोथिंबिरीला परगावी जाता? लाज कशी वाटत न्हाई?" सरपंच हसले, "मावशी, बाजार काय दुकानातून आणायचाय?" "आणायचा न्हाई, बसवायचा!" मी म्हणलं.

अन् बसवला की! बुद्धविहारापाशी राहणाऱ्या बायांनी पहिली कुऱ्हाड काढली. त्यांचं बघून आमच्या आळीतले शेतकरीही लाजेकाजेनं आले. ट्रॅक्टरवाल्यानं मुळं उपटली. रिटायर गुरुजींनी आसपासच्या बाजारांचे वार मांडून आमच्यासाठी रिकामा वार काढला. पहिल्या बाजाराला मात्र आमी येडेपणा केला. घरटी एक जण विकायलाच बसला! सगळ्यांपुढं तीच वांगी, तीच मेथी, अन् घ्यायला कुणीच न्हाई. हसून हसून पोट दुखलं, अन् संध्याकाळी घरोघर वांगीच शिजली.

बाहेरचे विकणारे आल्याबिगर बाजार होत न्हाई, हे तेव्हा कळलं. पण ते काहून येतील? एक फेरी वाया गेली की पुन्हा फिरकत न्हाईत. मीच उपाय काढला, "गावात आलेलं कुणी भवानी झाल्याबिगर परत जाणार न्हाई. घरांच्या पाळ्या लावा. नवीन पाल दिसलं की ज्याची पाळी त्यानं पहिली खरेदी करायची, अन् घासाघीस न्हाई करायची." हे बराबर लागू पडलं. मसालेवाला आला, सुकट विकणारी आली, चपला शिवणारा आला. ही माणसं एकाच जिपात फिरतात. एकाला भवानी भेटली की दहा जणांना सांगतात. पावसाळाभर बाजार वाढत गेला, अन् मीही रोज नव्या उमेदीनं पेटी पुसायचे.

मग एका बाजाराला जिपातून एक पोरगी उतरली. माझ्यापासून चार पालं सोडून बसली, अन् पेटी उघडली तर बांगड्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी मरमर केली ती हिच्यासाठी?

त्या दिवशी जिची पाळी होती ती बाई माझ्याच पुढं येऊन बसली. म्हणाली, "मावशीचा हात सोडून आमी कुठं जाणार?" मग एकीमागं एक, सगळ्या माझ्याकडंच. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. दुपार कलली तरी पोरीपुढं चिटपाखरू न्हाई. शेवटी तिनं पेटीला झाकण लावलं. मसालेवाला तिला म्हणाला, "चल बाई, इथं गावच्याच माणसाचं चालतं. आता मलाबी विचार करावा लागंल."

ती अशीच जिपात बसली की साऱ्या बाजारांत बोभाटा होणार. मग मसालेवाला न्हाई, सुकटवाली न्हाई, बाजारच न्हाई. अन् माझ्या पुढच्या बाया? मी उठल्याबिगर त्यातली एकही उठणार नव्हती. माझ्यासाठीच त्या माझा बाजार मोडून राहिल्या होत्या.

गुडघे धरून उठले. पोरीपुढं जाऊन बसले अन् हात पुढं केला. "भर."

ती घाबरली. "तुमी तर स्वतः कासारीण..."

"व्हय. काहून, कासारणीला हात नसतात?"

लगीन झाल्यापासून माझ्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरली नव्हती. माझी मीच भरायचे. तिनं माझा पंजा दाबला, अंगठा आत वळवला, अन् हिरवा चुडा सरसर वर चढला. एकही काच तडकली न्हाई. हात हलका होता तिचा. माझ्यापेक्षा हलका.

बांगड्या भरून झाल्या की बाईनं कासाराला नमस्कार करायचा, अशी रीत आहे. ही पोरगी उलट माझ्याच पायाशी वाकायला लागली. मी तिचा खांदा धरला. "आज कासारीण तू," म्हणलं, अन् भर बाजारात तिला वाकून नमस्कार केला.

मागं वळून बघते तर सगळ्या बाया उठून माझ्या मागं रांगेला लागलेल्या. माझ्या पेटीपुढं कुणीच न्हाई. डोळे भरून आले, ते मी लपवले न्हाईत. "बघता काय? बसा एकेक!" मी ओरडले.

सांजच्याला जिपात पेटी चढवताना पोरीनं भीतभीत विचारलं, "मावशी, पुढच्या बाजाराला येऊ का?"

"ये," मी म्हणलं. "पण चार पालं सोडून बसू नको. माझ्या शेजारी बस."