शून्य आलं आणि कहाण्या गेल्या
उसाच्या मळीचा वास आला की मला साखर कारखान्याच्या ढोकी गावातली ती दुपार आठवते. शाळेत आम्हाला उर्दू शिकवणाऱ्या सरांनी निवृत्तीनंतर गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या दखनी कहाण्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांत त्यांच्या अम्मीचाही आवाज होता; ती त्यानंतर वारली होती. त्यांचा लॅपटॉप भरला, म्हणून त्या कहाण्या बाहेरून जोडायच्या डिस्कवर हलवायला त्यांनी मला बोलावलं. मी संगणकासाठी ओळीनं आज्ञांची छोटी स्क्रिप्ट लिहिली: कॉपी कर, तिचा अहवाल पुढच्या आज्ञेकडून लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत, लिहून घे, आणि शेवटी शून्य आलं, म्हणजे काम फत्ते झालं, तर मूळ फायली पुसून टाक. शून्य आलं. डिस्क उघडली, तर निम्म्या कहाण्या नव्हत्या. डिस्क मध्येच भरून कॉपी फसली होती. आज्ञा चालवणाऱ्या शेलनं मात्र रांगेतल्या शेवटच्या आज्ञेचा निकाल सांगितला होता, आणि तिला फक्त लॉग लिहायचा होता. पुसलेलं परत मिळवायला मी संध्याकाळपर्यंत जिवाच्या आकांतानं धडपडले, पण हाती नुसती खरखर आली. “अम्मीचं हाय का तेवढं बघ, बेटा,” सर म्हणाले. मी डिस्कवरची यादी त्यांच्याकडं वळवली; अम्मीचं नाव त्यात नव्हतं. मग त्यांनी माझा मोबाईल समोर ठेवायला लावला आणि अम्मीची कहाणी स्वतःच सांगायला लागले. अर्ध्यावर थांबले. म्हणाले, “पुढचं तिलाच ठावं होतं.” ती अर्धी कहाणी आज माझ्याकडं चार ठिकाणी जपून ठेवलेली आहे.