जंगली तंबाखूच्या पानावर उमटलेला रोग

छप्पन साली आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यात मी बहादरपूरला नवी सून होते. मामंजींनी केळीशेजारच्या तुकड्यात टमाटे लावले होते. रोपं गुडघ्याएवढी झाली नि पानं चितकबरी व्हायला लागली, कुठं गडद हिरवी, कुठं पिवळट. मामंजींनी खत बदललं, पाण्याची पाळी बदलली. रोग ओळीनं पुढं सरकतच राहिला.

शेवटी बुऱ्हाणपूरहून शेतकी खात्याचे एक चष्मेवाले साहेब सायकलीवरून आले. कॅरिअरला खोक्यात जंगली तंबाखूच्या दोन कुंड्या. "रोग असला तर ही सांगेल," म्हणाले. त्यांनी आजारी पान खलात वाटलं आणि तंबाखूच्या पानाच्या डाव्या अर्ध्या भागावर तो रस हलकेच चोळला. उजवीकडे निरोगी पानाचा.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या. रोज सकाळी बघा आणि लिहून ठेवा."

तीन दिवस काहीच नाही. चौथ्या सकाळी मी कुंडी उन्हात घेतली आणि अंगावर काटा आला. डावी बाजू टाचणीच्या डोक्याएवढ्या तपकिरी ठिपक्यांनी भरली होती. उजवी हिरवीगार. मधली शीर ओलांडून एकही ठिपका गेला नव्हता.

"व्हायरस आहे," त्या दुपारी पुन्हा आलेले साहेब म्हणाले. "जिथं तो शिरला, तिथं पानानं स्वतःचा तेवढा भाग मारून त्याला अडवलंय."

डोळ्याला न दिसणारी वस्तू, आणि मुक्या पानानं तिची जागा दाखवली! मी दिवसभर त्या कुंडीभोवती घोटाळत राहिले.

निघण्याआधी साहेबांनी विचारलं, "रोपांचे फुटवे कोण खुडतं?"

"मीच," मामंजी म्हणाले. तेव्हाही ते तळहातावर तंबाखू मळत होते. साहेब त्या हाताकडे बघत राहिले. "मामा, बोटं जरा या वाटीतल्या पाण्यात बुडवा."

ते पाणी दुसऱ्या कुंडीतल्या पानावर चोळलं. चार दिवसांनी साहेब परत आले, तेव्हा तिथंही तेच ठिपके.

मामंजी खाली बसले. "ही तर वाळलेली, कुटलेली तंबाखू, साहेब."

"हा मुळात तंबाखूचाच रोग. वाळलेल्या पानातही तो वर्षानुवर्षं टिकतो."

"म्हंजे मीच एकेका रोपाला लावत गेलो?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, त्याच वेळी आतून आनंदही होत होता, कारण एवढं मोठं कोडं आमच्या ओट्यावर सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आजारी रोपं स्वतः उपटून जाळली. तंबाखू काही सुटली नाही. पण पुढच्या हंगामापासून बांधावर साबण आला, आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय ते रोपांना शिवत नसत. शेजारी हसायचे, "काका, ऑपरेशन करताय का?" मामंजी हात निथळत म्हणायचे, "हसा. पण माझ्या ओळीत शिरायचं तर आधी हात धुवा." त्या वर्षी चितकबरी निघाली ती फक्त तीन रोपं.