योगराज टेंभऱ्यानं गिअर ऑइल बदललं

योगराज टेंभऱ्याला देवानं दोन धडधाकट हात दिले आणि त्यांच्या जोडीला जगातल्या सगळ्या मेकॅनिक लोकांवर राग दिला. तिथंच घोळ झाला. नुसते हात दिले असते तर माणसानं धान लावलं असतं, कापलं असतं आणि सुखानं जेवला असता. बोदलकशाच्या तलावाच्या पाण्यावर त्याची शेती तशी बरी पिकते. पण घरातली वस्तू जरा कुरकुरली की योगराजच्या हाताला खाज सुटते. पंखा त्यानं दुरुस्त केला, तेव्हापासून तो फिरतो एकाच वेगानं, पाच नंबरच्या. पाण्याची मोटर दुरुस्त केली, तेव्हापासून ती लाथ मारल्याशिवाय पाणी देत नाही. मिक्सरविषयी त्याची बायको शकुंतलाबाई चारचौघांत बोलत नाही.

"चालते का नाही?" योगराज विचारतो. आता चालते म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तो पुन्हा उघडून बसणार. म्हणून लोक मान डोलावतात.

ही त्याची ख्याती लग्नाच्या आधीचीच. सौंदडच्या पलीकडच्या गावाहून त्याचे सासरे दुधरामजी मुलगा पाहायला आले, तेव्हा अंगणात योगराजची सायकल उभी होती. चेन तारेनं बांधलेली, सीट पोत्यानं. दुधरामजींनी सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पोरगा मेहनती आहे. पर याले वस्तू ठेवता येत नाही." लग्न झालं, पोरं झाली, पोरं नागपूरला नोकरीला लागली, पण ते एक वाक्य काही मेलं नाही. सासुरवाडीत योगराजचं नाव निघालं की पाठोपाठ ते वाक्य निघणारच. शकुंतलाबाईचा थोरला भाऊ केशोराव तर ते चहाबरोबर बिस्किटासारखं वाढायचा.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, संध्याकाळी नाटक उभं राहतं. माहेरच्या मंडईला लेक कशी आली, कशात बसून आली, हे अख्खं गाव पाहतं. आणि शकुंतलाबाई दरसाल यायची ती केशोरावच्या गाडीत बसून. केशोराव मुद्दाम गाडी पाठवायचा. "पाव्हण्याची फटफटी रस्त्यात बसते," तो फोनवर म्हणायचा. ती गाडीत बसायची, ओठ आवळून, आणि भावाच्या उपकाराला सत्तर किलोमीटर मान हलवत जायची.

यंदा टेंभऱ्यांनी जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. पांढरी, चार दारांची, पाचवा मालक योगराज. गाडी दारात आली त्या दिवशी शकुंतलाबाईनं तिला कुंकू लावलं आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "पाहा, बाबाले आता डोळ्यानं दिसत नाही. पर कान शाबूत आहेत. मंडईले आपल्या गाडीनं जायचं. बाबासमोर उभी करायची. अन् तुमी वस्तू चांगली ठेवली, हे एक बोलनं मले बाबाच्या तोंडून ऐकाचं आहे. बाबा पुढच्या मंडईले राहतीन का नाही, कोन सांगावं? तवापर्यंत गाडीले हात लावू नका."

"नाही लावत," योगराज म्हणाला. आणि मनापासून म्हणाला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

पण दुसरा गिअर टाकताना गाडी जराशी कण्हायची. अगदी जराशी. दुसऱ्या कोणाला ते ऐकूही आलं नसतं. योगराजनं चौथ्या मालकाला फोन लावून विचारलं, तर तो म्हणाला, गिअर ऑइल कधी बदललं ते आठवत नाही. झालं. मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी योगराज बायकोला म्हणाला, "सासरी जाताना मानूस आंघोळ करते. मंग गाडीनं कायले पारोसं जावं?"

"मेकॅनिककडे न्या."

"त्याले काय वेगळे हात आहेत?"

शकुंतलाबाई अंगणातून उठून सयपाकघरात गेली. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, यालाही मर्यादा असते.

आता खरं सांगायचं तर योगराजनं काम वाईट केलं नाही. फोनवर एका हिंदी बोलणाऱ्या पोराचा व्हिडिओ त्यानं तीनदा पाहिला. गाडी आधी गावाबाहेर फिरवून आणली, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. चारही चाकांखाली विटांचे थर रचून गाडी सारखी, समतल उभी केली. पोरगा म्हणाला होता, पहिले भरायचा बोल्ट खोलून पाहा, नाहीतर तेल काढून बसाल आणि भरायची जागाच उघडणार नाही. योगराजनं पहिले तोच खोलला. मग खालचा. जुनं तेल घमेल्यात उतरलं, काळंभोर. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक होतं, त्यावर लोखंडाचा चुरा बसला होता. तो पुसला, नवी वायसर लावली, बोल्ट आवळला. मेकॅनिकनंही याहून नेटकं केलं नसतं. योगराजला आपला अभिमान वाटला, आणि त्या घटकेपुरता तो खरा होता.

मग वरच्या भोकात नळी घातली, तिच्या तोंडाला नरसाळ्यासारखी चाडी लावली आणि नवं तेल ओतायला लागला. मधासारखं सोनेरी तेल. व्हिडिओतला पोरगा म्हणाला होता, भोकातून तेल बाहेर यायला लागलं की समजा पोट भरलं, बोल्ट लावा आणि घरी जा.

तेल बाहेर यायला लागलं.

आता तो पोरगा होता दिल्लीकडचा. त्यानं आयुष्यात धानाची बांधी, पाणी अडवलेलं खाचर, पाहिली नसणार. बांधीतून पाणी बाहेर वाहताना दिसलं तर धानवाला माणूस काय करतो? घरी जातो का? तो धुरा, म्हणजे बांध, उचलतो. दोन पाट्या माती टाकतो, भोक बुजवतो, पाणी अडवतो. वाहून गेलेलं पाणी म्हणजे गेलेलं पीक. योगराजच्या आज्यानं हेच केलं, बापानं हेच केलं, आणि योगराजनं पन्नास पावसाळे हेच केलं. त्याच्या डोक्यानं काही ठरवण्याआधीच त्याचा अंगठा त्या भोकावर जाऊन बसला. डब्यात अजून निम्म्याच्या वर तेल शिल्लक होतं. एवढं चांगलं तेल ठेवून काय त्याची फोडणी द्यायची होती?

त्यानं जॅक आणला. भोकाची बाजू हातभर उचलली. धुरा उंच झाला, तेल आत राहिलं. मग डबा उलटा करून, तळाशी थापट्या मारून शेवटचा थेंब आत सोडला आणि बोल्ट आवळला.

"झालं?" दारातून शकुंतलाबाईनं विचारलं.

"टम्म भरली," योगराज म्हणाला. "आता दहा साल पाहा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी निघाले. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. योगराजनं तो गरज नसताना चार वेळा टाकून दाखवला, आणि शकुंतलाबाईला पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच बोललो. नवी गर्भरेशमी साडी, डब्यात अनरसे, मांडीवर बाबांसाठी शाल. वाटेतलं गोरेगाव मागं पडलं तेव्हा केशोरावचा फोन आला. "गाडी पाठवू का, शकू?"

"कायले? आमची निघाली," ती म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीबाहेर पाहत एकटीच हसली.

कोहमाऱ्याच्या अलीकडे जळका वास यायला लागला.

"कोनी तनीस जाळून राहिला," योगराज म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान अजून उभंच होतं, जाळायला पेंढा होता कुठं? कोहमारा मागं पडला तरी तनीस जळतच होतं. सौंदडपाशी योगराज जेवढा पाय दाबायचा तेवढं इंजिन ओरडायचं, पण गाडी आपल्याच चालीनं जायची. माहेरच्या गावाआधी कालव्याचा पूल आहे, थोडा चढाचा. त्या चढाला गाडी आली, मोठ्यांदा ओरडली, आणि जागेवरच उभी राहिली.

योगराज खाली उतरला, आडवा होऊन पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथून सोनेरी तेल टपटपत होतं. जास्तीच्या तेलानं आपली वाट काढली होती आणि ते जाऊन बसलं होतं क्लचवर. तेल लागलेला क्लच काही पकडत नाही, नुसता घसरतो. चांगली पाणी अडवलेली बांधी कुठून फुटते हे योगराजला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो उठला, हात पुसले आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. धुऱ्यासकट.

शकुंतलाबाईनं मांडीवरची शाल पुन्हा घडी केली. मग शांतपणे म्हणाली, "मले तुमचा लय राग येऊन राहिला. एकच गोष्ट सांगतली होती."

"हो."

"बाबा पुढच्या साली राहतीन का?"

योगराजनं हात पुन्हा पुसले. त्याला आपल्या दोन्ही हातांची लाज वाटली. तो पुलाच्या कठड्यावर जाऊन बसला आणि ती गाडीतच बसून राहिली. गावातून मंडईचा भोंगा ऐकू येत होता. ऊन कललं, वारा गार झाला, इंजिनही गार झालं.

तेवढ्यात बांधीकडून गुड्डू आला. शकुंतलाबाईच्या माहेरच्या शेजारचा. बैलगाडी रिकामी, बैलांच्या गळ्यात मंडईचे घुंगरू. त्यानं सगळा प्रकार पाहिला आणि खिशातून फोन काढला. "उतर शकूबाई. केशोभाऊले सांगतो, ट्रॅक्टर घेऊन येतीन."

"केशोभाऊले फोन लावशील तं याद राख," ती म्हणाली. "बैल सोड अन् आमच्या गाडीले जुंप."

"अन् तू?"

"मी नाही उतरत. माह्या घरची गाडी आहे."

दोर बांधला गेला. पुढं गुड्डू आणि त्याचे बैल, मागं टेंभऱ्यांची पांढरी गाडी. इंजिन बंद, स्टिअरिंगवर योगराज, शेजारी शकुंतलाबाई, पदर सारखा करून, नजर समोर. फुगेवाले बाजूला सरले. जिलेबीवाल्याचा झारा हातात राहिला. लोक हसले, भरपूर हसले, आणि काहींनी हात जोडले, कारण त्यांना वाटलं ही मंडईचीच काही मिरवणूक आहे. योगराजला आयुष्यात कधी एवढ्या सावकाश गाडी चालवावी लागली नव्हती.

केशोराव दारात उभा होता. त्याच्या तोंडाशी जे आलं होतं ते शकुंतलाबाईनं गाडीच्या काचेतून नुसत्या डोळ्यांनी परत आत ढकललं. गुड्डूनं दोर सोडला आणि बैल घेऊन तो मागच्या मागं निघून गेला.

सपरीत, पुढच्या पडवीत, खाटेवर दुधरामजी बसले होते. मान तिरपी करून म्हणाले, "कोन? शकू का? मले तं बैलाचे घुंगरू ऐकू आले."

"गुड्डूचे बैल होते बाबा. संगंच आले." तिनं त्यांना शाल पांघरली, हाताला धरून उठवलं, अंगणात नेलं. "आमी गाडीनं आलो. आमच्या सोताच्या."

"आवाज नाही आला."

"हात लावून पाहा."

तिनं त्यांचा हात गाडीच्या बोनटवर ठेवला. म्हाताऱ्यानं पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. योगराज अंगणाच्या भिंतीला जाऊन टेकला. पळून जायला जागा असती तर तो गेला असता.

"थंडगार आहे," दुधरामजी म्हणाले. "केशवाची गाडी सौंदडवरून आली तरी तव्यावानी तापते, अन् गावभर बोंबलते. एवढ्या दूरून आली, अन् आवाज नाही, ताप नाही." ते योगराजच्या दिशेला, अंदाजानं, वळले. "पाव्हने, वस्तू चांगली ठेवली तुमी."

केशोरावनं तोंड उघडलं. शकुंतलाबाई म्हणाली, "दादा, चाय मांडाले सांग."

तो आत गेला. योगराजला काहीतरी बोलायचं होतं. खरं सांगून टाकावं, निदान बायकोची माफी तरी मागावी, असं मनात आलं. एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी घासलो ते मिळालं तेव्हा गाडीला बैल लागले होते. शकुंतलाबाई त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र रोजचा, घरचा होता.

"आता बोलवा मेकॅनिकले," ती म्हणाली. "माहं काम झालं."