मॅचिंगचा तुकडा

लेकीला गहू चालत नाही हे कळलं तेव्हा ती सात वर्षांची होती. गहू, रवा, मैदा, जव, सगळं जन्मभर बंद, डॉक्टर म्हणाले. थोडंसं पोटात गेलं तरी आतडं बिघडतं. तेव्हापासून अमरावतीचे दुकानदार मला पाहून तोंड फिरवतात. नाश्त्याचा एक डबा घ्यायला मला वीस मिनिटं लागतात, आणि मागच्या गिऱ्हाइकाने सुस्कारा टाकला की मी मुद्दाम आणखी एक डबा उलटा करून वाचते.

माझी थोरली बहीण अकोल्यात साड्यांना फॉल-पिको करते. ती सातवीतून मशीनवर बसली म्हणून मी बी.एस्सी. झाले. हे मी कधी विसरत नाही, फक्त गेल्या दिवाळीत विसरले. ताईने भाचीसाठी हौसेने कॉर्नफ्लेक्स आणले होते. लेक वाटी तोंडाला लावणार तेवढ्यात मी डबा पाहिला आणि वाटी हिसकावली.

"मक्याचं हाय थे! मक्यात गहू कुठून आला?" ताई म्हणाली.

"माल्ट हाय याच्यात, म्हणजे जवाचा अर्क. लिवलं हाय ना, वाच!"

बोलले आणि जीभ चावली. ताईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला त्या शब्दावर बोट ठेवायला लावलं आणि डबा उचलून आत नेला.

उन्हाळ्यात लेकीने हट्ट धरला, मावशीकडे आठ दिवस एकटीने राहायचं. माझी छाती होईना. शेवटी दोन दिवसांसाठी मीच तिला घेऊन गेले, सोबत तिचा नेहमीचा डबा. वर्षभर तोच घेत असल्याने तो मी आता उलटा करून पाहतही नव्हते.

ताईने तो न फोडलेला डबा माझ्या पिशवीतून काढला आणि दारातल्या उजेडात नेला, साडीला दोरा लावून पाहतात तसा. मशीनच्या खणातून एक छोटी पिशवी काढली. त्यात शिकलेल्या गिऱ्हाइकांना विचारून डब्यांवरून कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे होते: एकावर माल्ट, एकावर गहू, एकावर जव, सगळं इंग्रजीत. मॅचिंगच्या दुकानात बायका साडीचा तुकडा नेतात, तसे. एकेक तुकडा ती ओळीओळीवरून सरकवू लागली. मला हसू आलं.

"ताई, वर्ष झालं मी हाच घेते."

"घेत असशीन. मले पाहू दे."

मग तिचा हात थांबला. "हे पाह्य. सारखंच हाय ना?"

सारखंच होतं. माल्ट. डबा तोच, चित्र तेच; कोपऱ्यात 'नवी चव' तेवढं छापलेलं, ते मी जाहिरात समजून सोडून दिलं होतं.

"तू वाचून राहिली होती," ताई म्हणाली, "मी जुळवून राहिली."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. तिच्या कपाटात दोन डबे होते, ओंबीवर काट मारलेल्या, म्हणजे गहू-जव नसल्याच्या खुणेचे. त्या खुणेचाही तुकडा तिच्याकडे होता. दोन्ही डबे मी वाचले. दोन्ही चालणारे होते.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली, फक्त माझी. लेक मावशीच्या मांडीला मांडी लावून ते तुकडे डब्यांवर जुळवत बसली होती. दारात माझ्या ओठांवर दहा सूचना आल्या. मी चपला घातल्या आणि एकही न देता अमरावतीची बस धरली.